रुई, सरकी आणि सीए इंटर: तयारीच्या नोंदी

७ सप्टेंबर २०२५

सीए, म्हणजे सनदी लेखापाल, अभ्यासक्रमाच्या इंटरमिजिएट या मधल्या टप्प्याची नोंदणी १ सप्टेंबरच्या मुदतीआधी झाली. त्यामुळे आठ महिन्यांच्या अभ्यासकाळाची अट पूर्ण होऊन मे २०२६ च्या परीक्षेला बसता येईल. वाणिज्य शाखेची पदवी जळगावच्या विद्यापीठाची आहे आणि गुण ५५ टक्क्यांच्या वर आहेत. फाउंडेशन ही प्रवेशाची पहिली परीक्षा न देता थेट प्रवेश मिळाला तो त्या आधारावर.

परीक्षेची चौकट अशी आहे. दोन ग्रुप, प्रत्येकात तीन पेपर, प्रत्येक पेपर १०० गुणांचा. प्रत्येक पेपरात किमान ४० गुण हवेत आणि ग्रुपच्या बेरजेत ५० टक्के हवेत. एखाद्या पेपरात ६० गुण मिळाले आणि ग्रुप मात्र राहिला, तर त्या पेपरातून पुढील तीन परीक्षांपुरती सूट मिळते. ७० गुण लेखी उत्तरांचे आणि ३० गुण बहुपर्यायी प्रश्नांचे असून या पातळीवर चुकीच्या पर्यायाला गुण कापले जात नाहीत. नव्या योजनेत दोन्ही ग्रुप उत्तीर्ण झाल्याशिवाय दोन वर्षांची आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालचे प्रत्यक्ष प्रशिक्षण) सुरू होत नाही. म्हणून एकच ग्रुप आधी देऊन मोकळे होण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही, आणि दोन्ही ग्रुप एकत्र देण्याचे ठरवले आहे.

अडचण वेळेची आहे. मी धरणगाव तालुक्यातील एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातून रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, कार्यालयात हिशोब पाहते. दसरा-दिवाळीपासून मार्चपर्यंत कापसाचा हंगाम असतो आणि त्या काळात काटापट्ट्या (वजनाच्या पावत्या) रात्री उशिरापर्यंत चालतात. म्हणून पेपरांचा क्रम परीक्षेच्या वेळापत्रकावरून न लावता कारखान्याच्या कामावरून लावला आहे. रेचे (जिनिंगची यंत्रे) चालू असतील तेव्हा परिव्यय लेखांकन (उत्पादनखर्चाचा हिशोब), आवक जोरात असेल तेव्हा जीएसटी, मार्चअखेर मालसाठ्याचे लेखामानक (हिशोब मांडण्याचा ठरलेला नियम), आणि ज्यांचा कारखान्याशी संबंध नाही ते विषय मधल्या फटींत.

२१ सप्टेंबर २०२५

ऑनलाइन साहित्याची निवड आज संपवली. सनदी लेखापाल संस्थेचे (आयसीएआय) अभ्यासपुस्तक संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येते, आणि अभ्यास मंडळाचे थेट वर्गही विनाशुल्क आहेत. वर्गांची वेळ आणि माझी नोकरी जुळत नाही, म्हणून ध्वनिमुद्रित तासच पाहावे लागतील. खासगी शिकवणीचे तास विकत घेतले आहेत ते दोनच विषयांचे: प्रगत लेखांकन आणि परिव्यय. बाकीचे चार विषय पुस्तकावरूनच करणार आहे.

एक नियम स्वतःसाठी लिहून ठेवते. एक तास पाहिला की त्यातील एक उदाहरण, पडदा बंद करून, कोऱ्या कागदावर सोडवायचे. शिक्षक सोडवतात तेव्हा प्रत्येक आकडा आपोआप जागेवर बसत जातो आणि पाहणाऱ्याला ते सगळे येते असे वाटू लागते. ऑनलाइन अभ्यासाचा खरा धोका नेटच्या खोळंब्यात नाही, या वाटण्यात आहे. नेटवर उपाय सोपा आहे: रात्री तास उतरवून ठेवणे.

९ नोव्हेंबर २०२५

परिव्ययाच्या पेपरातील संयुक्त उत्पादने आणि उपउत्पादने हे प्रकरण घेतले. पुस्तकात रसायने आणि तेलशुद्धीकरणाची उदाहरणे आहेत, पण खानदेशात या प्रकरणाला जिनिंगएवढे जवळचे उदाहरण दुसरे नाही. कापूस एकच, रेच्यातून बाहेर पडते रुई आणि सरकी, आणि विभाजन बिंदूपर्यंतचा, म्हणजे दोन्ही माल वेगळे होईपर्यंतचा, खर्च दोघींचा मिळून एकच.

आकडे हिशोबाला सोपे पडावेत असे मीच ठरवले. कापूस ७,५०० रुपये क्विंटल, जिनिंग-प्रेसिंगचा खर्च क्विंटलमागे १५० रुपये. एका क्विंटलमधून ३४ किलो रुई, ६४ किलो सरकी आणि २ किलो घट. सरकीचा भाव ३४ रुपये किलो, रुईचा १६५ रुपये किलो. म्हणजे संयुक्त खर्च ७,६५० रुपये.

पहिली पद्धत वजनाची. ९८ किलो मालावर ७,६५० वाटले की रुई आणि सरकी दोन्ही ७८ रुपये ६ पैसे किलो पडतात. बाजारात ३४ रुपयांना जाणारी सरकी पुस्तकात ७८ रुपयांची होते, आणि प्रत्येक पोत्यावर निम्म्याहून अधिक तोटा दिसू लागतो. पद्धत गणिताने निर्दोष आहे, पण जिथे दोन मालांच्या भावात एवढी तफावत आहे तिथे तिचा निष्कर्ष निरुपयोगी ठरतो. पुस्तकातील एका ओळीची टीका इथे आकड्यांतून डोळ्यांसमोर येते.

दुसरी पद्धत विभाजन बिंदूवरील बाजारमूल्याची. रुई ५,६१० रुपये, सरकी २,१७६ रुपये, एकूण ७,७८६. त्या प्रमाणात खर्च वाटला की रुईला ५,५१२ आणि सरकीला २,१३८ रुपये येतात. रुई १६२ रुपये १२ पैसे किलो, सरकी ३३ रुपये ४१ पैसे किलो. दोन्हींवर नफ्याचे प्रमाण सारखेच, सुमारे पावणेदोन टक्के.

तिसरी पद्धत आमचे दिवाणजी आप्पा वर्षानुवर्षे वापरत आले आहेत, आणि त्यांनी तिला कधी नाव दिलेले नाही. ते कापूस आणि खर्चाच्या बेरजेतून सरकीचे पैसे वजा करतात आणि उरलेली रक्कम रुईवर टाकतात. ७,६५० वजा २,१७६ म्हणजे ५,४७४. भागिले ३४ म्हणजे १६१ रुपये किलो. खंडीचे ३५६ किलो धरले की खंडी ५७,३१६ रुपयांना पडते. रोज सकाळी कापूस कोणत्या भावाने घ्यायचा हे याच आकड्यावर ठरते. पुस्तकाच्या भाषेत ही उपउत्पादनाची निव्वळ वसूलयोग्य किंमत (विक्रीचा खर्च वजा जाऊन हाती येणारी रक्कम) मुख्य उत्पादनाच्या खर्चातून वजा करण्याची पद्धत झाली.

इथे प्रश्न उभा राहतो. मालसाठ्यावरील लेखामानक २ ही वजावटीची पद्धत उपउत्पादनांसाठी सांगते, आणि तिचा आधार असा की उपउत्पादने बहुधा मूल्याने क्षुल्लक असतात. वरच्या आकड्यांत सरकीचा वाटा एकूण मूल्याच्या जवळपास २८ टक्के आहे. त्याला क्षुल्लक कोणी म्हणणार नाही. मग सरकी हे संयुक्त उत्पादन मानून बाजारमूल्याच्या प्रमाणात खर्च वाटणे लेखामानकाच्या अधिक जवळचे आहे, असे माझे मत झाले. फरक रुईच्या किलोमागे १ रुपया १२ पैशांचा आहे. तो लहान दिसतो, पण वर्षअखेर १७० किलोच्या १०० गठाणी शिल्लक असतील तर रुईच्या साठ्याच्या मूल्यात सुमारे १९ हजारांचा बदल होतो.

आप्पांना हे दाखवले. ते म्हणाले, "ताई, खरेदीला माझा आकडा बरोबर आहे, ताळेबंदाला तुझा असेल." याहून नेमके उत्तर मला देता आले नसते. निर्णयासाठीचा खर्च वेगळा आणि मालसाठ्याच्या मूल्यांकनाचा खर्च वेगळा, हा परिव्ययाच्या पेपराचा कणाच आहे. परीक्षेत मात्र प्रश्नाने सरकीसारख्या मालाला उपउत्पादन म्हटले असेल तर वाद न घालता तसेच धरायचे आणि गृहीतक एका ओळीत लिहायचे.

२३ नोव्हेंबर २०२५

आवक वाढली आहे. सप्टेंबरच्या पावसात भिजलेला कापूस ओलाव्यामुळे कमी भावाने जातो आहे, आणि लांब धाग्याला ८,११० रुपये हमीभाव असताना खुल्या बाजारातील भाव त्याखाली आहेत. कापूस महामंडळाचे केंद्र ८ टक्के ओलावा प्रमाण धरते आणि १२ टक्क्यांच्या वर माल घेत नाही. भिजलेला माल त्यामुळे खासगी जिनिंगकडे वळतो. हा ओलावा गंजीत वाळतो तेव्हा होणारी घट सामान्य की असामान्य, हे परिव्ययाच्या प्रकरणातील पुढचे उदाहरण म्हणून बाजूला ठेवले आहे.

या आठवड्याचा विषय जीएसटीतील उलट आकारणी. शेतकऱ्याने नोंदणीकृत व्यक्तीला कच्चा कापूस विकला तर ५ टक्के कर विकणाऱ्याने नव्हे, घेणाऱ्याने भरायचा. १०० क्विंटलचे ७,५०,००० रुपये, त्यावर कर ३७,५००. निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा. हा कर रोख खातेवहीतूनच भरावा लागतो, जमा असलेल्या क्रेडिटमधून (खरेदीवर आधी भरलेल्या कराच्या वजावटीतून) वळता करता येत नाही, कारण कायद्यातील देय कराच्या व्याख्येतून उलट आकारणीचा कर वगळला आहे. भरल्यानंतर त्याचेच क्रेडिट मिळते आणि ते रुईच्या विक्रीवरील कराला वापरता येते. हंगामात खेळते भांडवल कुठे अडकते हे इथे कळते.

पुरवठ्याची वेळ तीन तारखांपैकी सर्वांत आधीची: माल मिळाल्याची, पैसे दिल्याची, किंवा पुरवठादाराच्या बिलानंतर तीस दिवस उलटल्यावरची. कापूस १२ नोव्हेंबरला काट्यावर आला आणि पट्टीचे पैसे २८ ला दिले, तर वेळ १२ नोव्हेंबर. शेतकरी नोंदणीकृत नसल्यामुळे बिल घेणाऱ्याने स्वतःच्या नावे फाडायचे, आणि १ नोव्हेंबर २०२४ पासून त्याला माल मिळाल्यापासून तीस दिवसांची मुदत आहे.

खरा कस व्याख्येत आहे. कायद्यातील शेतकरी म्हणजे स्वतःच्या, कुटुंबाच्या किंवा आपल्या देखरेखीखालील मजुरांच्या श्रमाने जमीन कसणारी व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब. खेडा खरेदी करून, म्हणजे गावोगाव शेतकऱ्यांकडून विकत घेऊन, कापूस आणणारा व्यापारी यात बसत नाही. शेतकरी उत्पादक कंपनीही बसत नाही, कारण तिचे सभासद शेतकरी असले तरी विकणारी व्यक्ती कंपनी आहे. म्हणजे एकाच दिवशी एकाच काट्यावर आलेल्या तीन गाड्यांचा कर वेगवेगळ्या रीतीने ठरू शकतो. बहुपर्यायी प्रश्नांत नेमकी अशीच परिस्थिती देतात आणि कापूस हा शब्द दिसताच घाईने उलट आकारणीवर खूण करणारा फसतो.

२१ डिसेंबर २०२५

लेखापरीक्षणाचा पेपर सुरू केला. आकडेमोड नाही म्हणून तो सोपा, असा समज सर्वत्र आहे. मला तो सहांमध्ये सर्वांत अवघड वाटतो, कारण उत्तरात मानकाचा क्रमांक, त्याची भाषा आणि दिलेल्या परिस्थितीला तिचा उपयोग ही तिन्ही हवीत. तास पाहून यातले काहीच हाताला लागत नाही. मानकांचे परिच्छेद पुनःपुन्हा लिहावे लागतात.

लेखापरीक्षण मानक ५०१ मालसाठ्याविषयी आहे. साठा महत्त्वाच्या रकमेचा असेल तर प्रत्यक्ष मोजणीला लेखापरीक्षकाने हजर राहावे, ते व्यवहार्य नसेल तर पर्यायी पद्धतीने पुरावा मिळवावा. अनपेक्षित कारणाने ठरलेल्या दिवशी जाता आले नाही, तर दुसऱ्या एखाद्या दिवशी मोजणी पाहून मधल्या व्यवहारांची तपासणी करावी. केवळ त्रास किंवा खर्च होतो म्हणून मोजणी अव्यवहार्य ठरत नाही, हे वाक्य उत्तरात हमखास हवे. पण आवारातील कापसाची गंजी मोजायची कशी? ती तोलता येत नाही, लांबी-रुंदी-उंचीवरून अंदाज करावा लागतो आणि दाब किती बसला आहे त्यावर वजन बदलते. इथे ५०१ च्या जोडीला तज्ज्ञाच्या कामाचा आधार घेण्याविषयीचे ६२० येते. दोन मानके एका उत्तरात जोडण्याचे हे उदाहरण वहीत पूर्ण लिहून काढले.

११ जानेवारी २०२६

कंपनी कायदा. कलमांची वही केली: अर्थ, अट, मुदत, दंड असे चार रकाने. परिचयातील एका उत्पादक कंपनीचे संचालक दादा त्यांच्या सभासदत्वाविषयी विचारत होते, पण ते प्रकरण या पातळीच्या अभ्यासक्रमात नाही. तिकडे वळले नाही. रणनीतिक व्यवस्थापनाची दोन प्रकरणे झाली. त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही.

१ फेब्रुवारी २०२६

आज अर्थसंकल्प मांडला गेला. त्यातील प्रस्तावांचा मे महिन्याच्या पेपराशी संबंध नाही. नवा आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू होत असला तरी मे परीक्षेला १९६१ चाच कायदा आणि करनिर्धारण वर्ष २०२६-२७ आहे. हे वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहिले, कारण पुढचे तीन महिने मोबाइलवर नव्या कायद्याच्या चित्रफिती येतच राहणार.

शेती उत्पन्न हा खानदेशात घरोघरी निघणारा विषय. ते करमुक्त आहे एवढे सर्वांना ठाऊक असते. बाकीच्या उत्पन्नावरील कराचा दर ठरवताना ते मोजले जाते, हे बहुतेकांना ठाऊक नसते. निव्वळ शेती उत्पन्न ५,००० रुपयांच्या वर आणि बिगरशेती उत्पन्न मूळ करमुक्त मर्यादेच्या वर असेल, तर अंशतः एकत्रीकरण करावे लागते.

उदाहरण असे बनवले. तालुक्याच्या गावी दुकान असलेल्या एका रहिवासी व्यक्तीचा व्यवसायाचा नफा १४ लाख आणि केळीच्या शेतीचे निव्वळ उत्पन्न ३ लाख, करप्रणाली नवी. पहिली पायरी, १७ लाखांवर कर: १,४०,००० रुपये. दुसरी पायरी, शेती उत्पन्न अधिक ४ लाखांची करमुक्त मर्यादा, म्हणजे ७ लाखांवर कर: १५,००० रुपये. वजाबाकी १,२५,०००, ४ टक्के उपकर धरून १,३०,००० रुपये. केळी नसती तर १४ लाखांवर उपकरासह ९३,६०० रुपये लागले असते. करमुक्त उत्पन्नामुळे कर ३६,४०० रुपयांनी वाढला. घरी हे सांगितले तेव्हा काकांनी कागद स्वतः तपासून पाहिला, आणि मग मागच्या वर्षीचे विवरणपत्र शोधायला घेतले.

१ मार्च २०२६

लेखामानक १०, मालमत्ता, संयंत्र आणि उपकरणे. यात फलधारी वनस्पतींचा समावेश आहे. तीन अटी: वनस्पती शेतमालाच्या उत्पादनासाठी वापरली जावी, बारा महिन्यांहून अधिक काळ ती उत्पादन देईल अशी अपेक्षा असावी, आणि किरकोळ भंगारविक्री सोडता ती वनस्पतीच शेतमाल म्हणून विकली जाण्याची शक्यता अगदी नगण्य असावी. गहू, मका यांसारखी हंगामी पिके बाहेर. लिंबू आणि मोसंबीच्या बागा सरळ आत.

केळीचे काय? जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, रावेर-यावलला तिच्यावर सारा व्यवहार चालतो, आणि अभ्यासपुस्तक तिच्याविषयी गप्प आहे. एक खोड एकदाच घड देते आणि कापले जाते. त्या अर्थाने ते बारा महिन्यांच्या अटीत बसत नाही. पण कंद जमिनीत राहतो, त्याचे पील (कंदातून फुटणारे नवे रोप) पुढचा घड देते आणि खोडवा, म्हणजे त्याच लागवडीचे पुढचे पीक, घेतला जातो. वनस्पतीचे एकक खोड धरायचे की कंद, यावर उत्तर फिरते. मला वाटते की एखादी कंपनी खोडवा घेण्याच्या ठरलेल्या धोरणाने बाग ठेवत असेल तर कंद फलधारी मानून लागवडीचा खर्च भांडवली करणे आणि घसारा आकारणे समर्थनीय आहे. एकच पीक घेऊन बाग मोडत असेल तर नाही. आणि दोन्ही बाबतींत झाडावरचे घड या मानकात येत नाहीत. परीक्षेत हा प्रश्न येण्याची शक्यता थोडी आहे, पण तिन्ही अटी आता विसरल्या जाणार नाहीत.

लेखामानक १२ यालाच जोडून वाचले. ठिबकच्या अनुदानाची रक्कम संचाच्या किमतीतून वजा करायची किंवा लांबणीवर टाकलेले उत्पन्न म्हणून दाखवून घसाऱ्याच्या प्रमाणात नफ्यात आणायची. दोन्हींत नफ्यावर होणारा परिणाम सारखाच राहतो, हे चार वर्षांचा तक्ता मांडून पाहिले.

५ एप्रिल २०२६

मार्चअखेरचा ताण संपला. साठ्याचे लेखामानक मुद्दाम आजपर्यंत राखून ठेवले होते.

खर्च किंवा निव्वळ वसूलयोग्य किंमत, यातील कमी ती घ्यायची, हे शाळकरी वाक्य. अवघड भाग कच्च्या मालाचा आहे. ३१ मार्चला आवारात ७,५०० ने घेतलेला कापूस आहे आणि बाजार ७,१०० वर आला आहे, म्हणून लगेच ४०० रुपये कमी करायचे का? नाही. त्या कापसापासून होणारी रुई खर्चाइतक्या किंवा त्याहून जास्त किमतीला विकली जाणार असेल तर कापूस खर्चालाच राहतो. नोव्हेंबरमधल्या वजावटीच्या आकड्यांनी रुई खंडीला ५७,३१६ रुपयांना पडते. दलाली वजा जाऊन ५८,००० मिळणार असतील तर कापूस ७,५०० ला. ५६,००० च मिळणार असतील तर कापूस खाली आणायचा, आणि तेव्हा ७,१०० ही आजची खरेदी किंमत वसूलयोग्य किमतीचे सर्वांत चांगले माप ठरू शकते.

दुसरा बारकावा ताळेबंदानंतरच्या घटनांचा. एप्रिलमध्ये रुईचा भाव पडला, तर ती घसरण ३१ मार्चलाच असलेल्या स्थितीला दुजोरा देते का, हे पाहायचे. देत असेल तर मूल्यांकनात धरायची. एप्रिलमध्ये सरकारने अचानक आयातशुल्क हटवल्यामुळे भाव पडला असेल, तर ती नंतरची नवी परिस्थिती होय. मागच्या ऑगस्टमध्ये कापसावरील ११ टक्के शुल्क असेच हटवले गेले आणि ती सवलत पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली गेली, त्यामुळे उदाहरण कल्पित वाटत नाही. लेखामानक २ आणि ४ एकत्र लिहावे लागतात असा हा प्रश्न आहे. नोव्हेंबरमध्ये बाजूला ठेवलेली ओलाव्याची घटही इथे सुटली: नेहमीच्या प्रमाणातील घट साठ्याच्या खर्चात सामावते, त्यापलीकडची थेट नफा-तोट्यात जाते.

१९ एप्रिल २०२६

सराव परीक्षा घड्याळ लावून सुरू आहेत. दुपारी घरातील उकाडा सहन होत नाही आणि वीज जाते, तरीही पेपर दुपारीच लिहायचे ठरवले आहे, कारण खरी परीक्षाही दुपारचीच आहे.

निरीक्षण असे की लेखांकनाच्या पेपरात गुण वर्किंग नोटमध्ये (आकडेमोडीच्या टिपणात) आहेत. शेवटचा आकडा चुकला तरी टप्प्यांचे गुण मिळतात, आणि टप्पे न दाखवता आलेले बरोबर उत्तर परीक्षकाला तपासताच येत नाही. म्हणून प्रत्येक नोटला क्रमांक आणि मुख्य उत्तरात त्याचा उल्लेख. कायदा आणि लेखापरीक्षणात तीन परिच्छेद: तरतूद, दिलेली वस्तुस्थिती, निष्कर्ष. कलमाचा क्रमांक खात्रीचा असेल तरच लिहायचा, नसेल तर तरतूद शब्दांत.

२६ एप्रिल २०२६

प्रवेशपत्र छापून घेतले; केंद्र जळगाव. गणकयंत्र नियमात बसते का ते पाहिले: बारा अंक, सहा क्रिया, दोन स्मृती. पहिली पंधरा मिनिटे वाचनाची असतात, त्यात ऐच्छिक प्रश्नांतील कोणता सोडायचा हे ठरवायचे. बहुपर्यायी प्रश्न आधी, त्यांना पाऊण तासाहून अधिक वेळ द्यायचा नाही. दोन पेपरांमधल्या दिवशी नवे तास पाहायचे नाहीत. फक्त कलमांची वही, मानकांचे लिहून काढलेले परिच्छेद आणि जिनिंगच्या उदाहरणांची पाने. रजेचा अर्ज शेठजींनी मंजूर केला आहे, आणि मार्चच्या साठ्याचा तक्ता आप्पांकडे सोपवला आहे.